हीटरच्या पंख्याचा स्विच परत परत का जळतो?

वाचक विचारतात : जुन्या गाड्यांचं पान

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून ब्लोअरवरच येत होते, म्हणून टायरचे आणि मायलेजचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत. सोलापुरात हीटर कशाला लागतो असं कुणीही विचारेल, एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२-४३ च्या पुढं जातो हे खरंय, पण हीटरचा पंखा, एसीचा पंखा आणि पावसाळ्यात काच स्वच्छ करणारा वारा हे सगळं एकाच ब्लोअरचं काम असतं, आणि तो चालवणारा स्विचही एकच. त्यामुळे तो गेला की बाराही महिने अडतं.

प्रश्न (जुळे सोलापूर) : नमस्कार साहेब. माझं २००८ चं पिकअप आहे, डाळिंब आणि भाजीपाला भरून रात्री पुण्याला गुलटेकडीला जातो. ब्लोअरचा नॉब चार स्पीडचा आहे. मागल्या थंडीत दोन नंबर बंद पडला, मग तीन नंबर कधी लागायचा कधी नाही, नॉब दाबून धरला की लागायचा. मग एकदा प्लास्टिक जळल्याचा वास आला आणि नॉबला हात लावला तर चटका. वायरिंगवाल्यानं नवीन स्विच टाकून दिला, पावसाळ्यापर्यंत चालला आणि आता परत तेच व्हायलाय. तो म्हणायलाय हा डुप्लिकेट होता, ओरिजिनल टाका. ओरिजिनल टाकला तर थांबेल का हे? आणि मला स्वतःला बदलता येईल का? भिगवणजवळ पहाटे धुकं असतं, काच धूसर झाली की जीव मुठीत धरून चालवावं लागतं बघा.

उत्तर : मालक, स्विच तुम्हाला स्वतःला नक्की बदलता येईल, एक निवांत दुपार पुरते. पण नुसता ओरिजिनल टाकून हे थांबेल असं मला वाटत नाही. नॉब दाबला की चालणं, वास येणं, चटका बसणं आणि नवीन स्विच काही महिन्यांत जाणं, हे सगळं एकत्र वाचलं की संशय जातो तो स्विचच्या मागं लागणाऱ्या कपलरवर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट), आणि तो तुमच्या वायरिंगवाल्यानं बदलल्याचं तुमच्या पत्रात कुठं दिसत नाही. जुन्या जळक्या कपलरमध्ये नवा स्विच खोचायचा आणि पैसे घ्यायचे हे काम मी फार ठिकाणी बघितलंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण रात्री रस्त्यात अडकतो तो गाडीवाला.

करंट कसा जातो ते आधी सांगतो, ते डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. बॅटरीतून इग्निशन, तिथून फ्यूज, मग ब्लोअरची मोटर, रेझिस्टन्सची पट्टी आणि स्विच. काही गाड्यांत स्विच मोटरच्या आधी असतो म्हणजे तो प्लस सोडतो, पण पुष्कळ गाड्यांत चावी ऑन केली की मोटरला प्लस कायम मिळतो आणि स्विच फक्त अर्थ (गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडं जाणारा परतीचा रस्ता) जोडून देतो. रेझिस्टन्सच्या पट्टीवर वायरच्या दोन-तीन स्प्रिंगा असतात. एक नंबरला करंट सगळ्या स्प्रिंगांतून जातो म्हणून पंखा सावकाश फिरतो, दोन-तीनला त्यातल्या काही वगळल्या जातात, आणि चार नंबरला पूर्ण पट्टीच बाजूला पडून मोटरला डायरेक्ट करंट मिळतो. स्पीड कुठलाही असो, स्विचच्या कॉमन पिनेतून तो सगळा करंट जाणारच. म्हणून जळलेला कपलर काढून बघितला तर बहुतेक वेळा कॉमनची आणि चार नंबरची पिन तपकिरी झालेली दिसते आणि बाकीच्या बऱ्यापैकी स्वच्छ असतात.

आता एवढी उष्णता येते कुठून? जुन्या पिकअपचा ब्लोअर फुल स्पीडला साधारण १५ अँपिअर घेतो असं धरू. पिन ढिली झाली, गंजली, आणि तिथं नुसता ०.१ ओहम रेझिस्टन्स तयार झाला तरी १.५ व्होल्ट तिथंच खाल्ले जातात, आणि १५ गुणिले १.५ म्हणजे २२.५ वॉट उष्णता त्या एवढ्याशा पिनेवर निघते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, ते प्लास्टिकच्या कपलरमध्ये खोचून पुण्यापर्यंत तसंच ठेवलं तर काय होईल याचा विचार करा. आणि पिन एकदा तापली की तिची स्प्रिंग मऊ पडते, पकड अजून सुटते, रेझिस्टन्स अजून वाढतो, अजून तापते. नवीन स्विचच्या चकचकीत पिना त्याच ढिल्या थिंबलात (वायरीच्या टोकाला बसवलेल्या, पिन धरणाऱ्या धातूच्या तुकड्यात) गेल्या की पहिल्या दिवसापासून परत तेच सुरू, मग स्विच ओरिजिनल असो नाहीतर डुप्लिकेट. ओरिजिनल थोडा जास्त टिकेल एवढंच.

दुसरं कारण मोटर. मोटर जड फिरत असेल तर ती करंट जास्त ओढते आणि फ्यूज उडायच्या आधी कपलर वितळतो, कारण २५-३० अँपिअरचा फ्यूज वायर शॉर्ट झाली तर वाचवायला असतो, ढिल्या पिनेची गरमी त्याला कळतच नाही. तुम्ही मार्केट यार्डात गाडी लावता म्हणून मुद्दाम सांगतोय, वायपरच्या खाली जी जाळी असते तिथूनच ब्लोअर बाहेरची हवा ओढतो आणि यार्डात कांद्याची टरफलं सगळीकडं उडत असतात. ती हलकी पातळ टरफलं, लिंबाची पानं, धूळ, हे सगळं आत जाऊन पंख्याच्या पिंजऱ्यात अडकतं, पिंजरा एका बाजूला जड होतो, मोटर थरथरते, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) खराब होतो, मोटर जड होते. म्हणून स्विचला हात लावायच्या आधी मोटर बघा. ती डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सच्या खाली किंवा मागं असते, बहुतेक तीन स्क्रू आणि एक कपलर. बाहेर काढून हातानं फिरवा, एक टिचकी मारल्यावर चार-पाच फेरे सहज फिरली पाहिजे. घासल्याचा आवाज येत असेल, शाफ्ट आडवा हलत असेल, नाहीतर लगेच थांबत असेल तर बुश आणि कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) बघून घ्या, नाहीतर मोटरच बदला. पिंजरा मऊ ब्रशनं साफ करा. बुशला तेल एक थेंब फार झालं, जास्त घातलं तर ते ब्रशवर जातं आणि काळा चिखल होतो. मोटर बाहेर आहे तोवर आतल्या पोकळीत हात घालून कचरा काढा, व्हॅक्यूम असेल तर लावा. याच पोकळीत रेझिस्टन्सची पट्टी असते आणि ती पंख्याच्याच वाऱ्यानं गार राहते, त्यामुळे कचऱ्यानं वारा अडला तर ती पण जळते.

आता स्विच बदलायचा. गाडी सावलीत लावा पण अगदी गारठ्यात हे काम करू नका, इतक्या वर्षांच्या उन्हानं डॅशबोर्डचं प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि थंडीत त्याचे लॉक पटकन तुटतात. पहिलं काम बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा, बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी मायनस, कारण प्लस काढताना पाना चुकून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. मायनस निघालेलं असेल तर काही होत नाही. मग मोबाइलवर फोटो काढा, नॉब कुठं होते, वायरी कुठल्या रंगाच्या कुठल्या खाच्यात आहेत, आणि काम करताना मधे मधे पण काढत राहा.

नॉब सरळ ओढून निघतात. निसटत असेल तर कापड गुंडाळून ओढा, आणि तरी हलत नसेल तर जबरदस्ती करू नका, खालच्या बाजूला बारीक स्क्रू किंवा क्लिप आहे का ते बघा. नॉब निघाले की पॅनेलचे स्क्रू दिसतात. पॅनेल पुढं ओढताना एक गोष्ट मात्र फार जपायची, गरम-थंडच्या आणि काच-पाय या दिशेच्या नॉबला मागं लोखंडी तारेच्या केबली असतात, पॅनेल हिसका मारून ओढलं तर केबल वाकते किंवा क्लिपमधून सुटते आणि मग आतला पडदा (वाऱ्याची वाट उघडणारी झडप) अर्धाच उघडतो, नवा स्विच बसवला तरी काचेवर वारा येत नाही आणि माणूस म्हणतो ब्लोअर अजून खराबच आहे. हात जाईल एवढंच पुढं घ्या. स्विच दोन स्क्रूवर नाहीतर नॉबमागच्या नटवर असतो. कपलर काढताना लॉकची जीभ दाबा आणि कपलर धरून ओढा, वायरी धरून अजिबात नाही.

आता कपलर उजेडात बघा. प्लास्टिक तपकिरी, एखादा खाचा पसरलेला, पिनेवर हिरवट-निळसर बुरशी, वायरीचं कव्हर कडक होऊन तडकलेलं, यातलं एक जरी दिसलं तरी कपलर बदलायचा, याच्यात तडजोड नको. दुकानात वायरीसकट तयार कपलर मिळतो, जाताना जुना स्विच आणि जुन्या कपलरचा फोटो घेऊन जा, कारण एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलांत पिना वेगळ्या असू शकतात. दुकानातच स्विच कपलरमध्ये घालून बघा, घट्ट बसला पाहिजे, प्रत्येक पिनेला पकड जाणवली पाहिजे. नवीन कपलरच्या वायरींचे रंग तुमच्या गाडीशी जुळतीलच असं नाही, रंगावर जाऊ नका, कुठला खाचा कुठल्या वायरीचा ते बघा. आणि जाडी बघा, मूळ वायरीपेक्षा बारीक वायर असलेला कपलर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

जोडताना सगळ्या वायरी एकदम कापू नका. एक कापा, एक जोडा, मग दुसरी, म्हणजे अदलाबदल होणारच नाही. जळका भाग मागं मागं कापत जा, आत लखलखीत तांबं दिसेपर्यंत, कारण काळ्या पडलेल्या तांब्यावर थिंबल दाबलं तरी धरत नाही आणि काही दिवसांनी तिथंच परत गरम होतं. सगळे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नका, एक थोडा पुढं एक थोडा मागं घ्या, म्हणजे पॅनेलच्या मागं गाठोडं होत नाही आणि दोन जोड एकमेकांना टेकत नाहीत. नीट क्रिम्पिंग करून (थिंबल पकडीनं दाबून) वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी घाला. नुसता पीळ मारून काळी टेप लावायची पद्धत आपल्याकडं आहे, आपल्या उन्हात त्या टेपचा गोंद पातळ होऊन टेप सुटते, ते नको.

सगळं बसल्यावर बॅटरी जोडा, गाडी चालू करा, चारही स्पीड बघा आणि मग चार नंबरवर वीसेक मिनिटं चालू ठेवून पॅनेलच्या मागं हात घालून कपलर चाचपा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर मोटरचा करंट जास्त आहे किंवा जोड कुठंतरी कच्चा आहे, तसंच पॅनेल लावून पुण्याला निघू नका.

प्रश्न (अक्कलकोट) : आमच्या गाडीचा पंखा फक्त चार नंबरवर चालतो, एक-दोन-तीन मेलेत. स्विच बदलू का?

उत्तर : नको, आधी रेझिस्टन्सची पट्टी बघा. चार नंबरला पट्टी वगळली जाते म्हणून तो चालतोय, बाकीचे तीन पट्टीवरून जातात म्हणून मेलेत. पट्टीवर बहुतेक वेळा एक छोटा थर्मल फ्यूज असतो, जास्त तापला की तो उडतो आणि परत जुळत नाही. काही जण तिथं वायरीचा तुकडा टाकून शॉर्ट करून देतात, तसं करू देऊ नका, तो फ्यूज आग लागू नये म्हणूनच दिलेला असतो. पट्टी नवी टाका आणि तिच्या भोवतीचा कचरा काढा. याच्या बरोबर उलटं झालं, म्हणजे एक-दोन-तीन चालतात आणि चार नाही, तर मग स्विचचा चार नंबरचा पॉइंट, त्याची वायर, आणि गाडीत फुल स्पीडचा वेगळा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असेल तर तो रिले. काहीच चालत नसेल तर सगळ्यात आधी फ्यूज, मग मोटर आणि तिचा अर्थ.

प्रश्न (विजापूर रोड, सोलापूर) : सर, मी आयटीआयला आहे आणि संध्याकाळी ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात काम शिकतो. ब्लोअरच्या कामात आमचे उस्ताद टेस्ट लॅम्पनं (क्लिप आणि टोक असलेल्या तपासणीच्या दिव्यानं) सगळं बघतात. माझ्याकडं मल्टीमीटर आहे. त्यानं ढिली पिन कशी पकडायची? मी ओहमवर लावून बघितलं तर स्विच ओके दाखवतो.

उत्तर : तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण इथंच भले भले फसतात. ओहमवर मीटर अगदी थोडा करंट सोडतो, स्विचमधल्या पत्तीचा एक केसाएवढा भाग टेकत असला तरी तो ओके म्हणतो. पण तिथून १५ अँपिअर जायला लागले की तोच भाग तापतो. म्हणून काम चालू असताना व्होल्टेज कुठं गळतंय ते बघायचं.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव. इंजिन चालू, ब्लोअर चार नंबरवर. एक प्रोब बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर, दुसरी मोटरच्या प्लस वायरीवर, कपलर न काढता मागून पिनेला टेकवून. मधल्या वायरी आणि पिना चांगल्या असतील तर मीटर अगदी थोडं दाखवेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर त्या रस्त्यात कुठंतरी खराबी आहे, मग प्रोब एकेक टप्पा मागं घेत ये, फ्यूजच्या पुढं, फ्यूजच्या मागं, इग्निशनच्या पुढं, आणि जिथं आकडा एकदम पडतो तिथंच चोर आहे. अर्थची बाजू पण तशीच, एक प्रोब मोटरच्या दुसऱ्या वायरीवर आणि एक बॅटरीच्या मायनसवर, पंखा चार नंबरवरच ठेवून. स्विच अर्थ देणारा असेल तर कॉमन पिनेची गळती इथंच सापडते. पुष्कळ वेळा स्विच बिचारा चांगला असतो आणि बॉडीवरचा अर्थचा स्क्रू गंजलेला असतो.

टेस्ट लॅम्प वाईट नाही, उस्तादांना मान दे, लॅम्प स्वतः थोडा करंट घेतो त्यामुळं काही वेळा तो मीटरपेक्षा खरं सांगतो. फक्त एक ध्यानात ठेव, अर्थ देणारा स्विच असलेल्या गाडीत पंखा बंद असताना पण मोटरच्या दोन्ही वायरींवर लॅम्प लागतो. ते शॉर्ट नाही, मोटरच्या वाइंडिंगमधून आलेला प्लस आहे तो. अशा गाडीचा स्विच तपासताना लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला लाव आणि टोक स्विचच्या पिनेवर, अर्थ येत असेल तर लागेल.

करंट मोजायचा असेल तर मल्टीमीटरचा १० अँपिअरचा सॉकेट वापरू नको, ब्लोअरच्या फुल स्पीडला मीटरचा फ्यूज जाईल. टाँग टेस्टर (वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर) लागतो, आणि घरगुती वायरिंगवाल्यांकडं असतो तो साधा टाँग टेस्टर बहुतेक फक्त घरातला एसी करंटच मोजतो, गाडीवर तो शून्य दाखवेल. त्यावर डीसी अँपिअरची खूण आहे का ते बघूनच घे, आणि मोजताना एकच वायर जबड्यात घे.

प्रश्न (चिंचोळी एमआयडीसी) : माझा मित्र म्हणतो स्विचच्या भानगडीत पडू नको, बॅटरीवरून डायरेक्ट वायर ओढ आणि घरातला बटणाचा स्विच डॅशबोर्डला लाव, त्यानं त्याच्या गाडीला केलंय आणि चाललंय. करू का? एक स्पीड मिळाला तरी बास.

उत्तर : करू नका, आणि मित्रालाही हे वाचायला द्या. घरातला स्विच एसी करंटसाठी बनवलेला असतो. आपल्या घरातला ५० हर्ट्झचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. गाडीतला डीसी शून्यावर येतच नाही, त्यात मोटर बंद करताना उलटा झटका देते, म्हणून ठिणगी जास्त वेळ टिकते आणि पॉइंट खात जाते. शिवाय घरातलं साधं बटण ६ अँपिअरचं असतं, ब्लोअर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॅटरीवरून ओढलेल्या त्या वायरीला फ्यूज घातलेला नसेल तर पत्र्याच्या भोकात कधीतरी कव्हर घासून ती बॉडीला टेकेल आणि बॅटरी सगळा जोर त्या वायरीत ओतेल. गाडी उभ्या उभ्या पेटते ती अशीच, चावी काढलेली असली तरी.

एक स्पीडवर भागत असेल तर रिले लावा, ते जुगाड नाही, नीट काम आहे. चार पिनांचा साधा रिले घ्या, त्यावर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर, बॅटरीच्या जितका जवळ घालता येईल तितका जवळ फ्यूज, मग ३० नंबर. ८७ वरून मोटर. ८५ आणि ८६ ही कॉइल, एकीला अर्थ आणि दुसरीला चावी ऑन केल्यावर येणारा प्लस छोट्या स्विचमधून. कॉइलला अर्ध्या अँपिअरच्याही आत करंट लागतो, त्यामुळे डॅशबोर्डवरचा स्विच कधी तापणारच नाही. वायर किमान मूळ वायरीएवढी जाड, लांब ओढायची असेल तर ४ स्क्वेअर एमएम घ्या. फ्यूज मूळ गाडीत जेवढ्याचा आहे तेवढ्याचाच. पात्याच्या फ्यूजला रंग असतात, २० चा पिवळा, ३० चा हिरवा, पिवळा उडतोय म्हणून हिरवा टाकायचा नाही, तो का उडतोय ते शोधायचं.

आणि हे करण्याआधी तुमची गाडी अर्थ देणाऱ्या स्विचची आहे का ते ठरवा. तशी असेल तर जुन्या स्विचच्या वायरीवर नवीन प्लस जोडला की जुना स्विच फिरवल्याबरोबर सरळ शॉर्ट. अशा गाडीत जुन्या स्विचचा कपलर काढून, टोकं झाकून बाजूला बांधायची आणि मोटरच्या दुसऱ्या वायरीला स्वतंत्र पक्का अर्थ द्यायचा. डोक्यात गोंधळ होत असेल तर चांगल्या वायरिंगवाल्याला समोर बसवून करून घ्या.

प्रश्न (मोहोळ) : आमचं दुधाचं पिकअप आहे, पहाटे गावागावातून दूध गोळा करायला मी आणि माझे दीर जातो. पावसात आणि थंडीत काच आतून धूसर होते. पंखा चालतो, स्विच ठीक आहे, पण हीटर लावला तरी वारा गारच येतो. एसी नाही. ओल्या फडक्यानं काच पुसत पुसत जातो आम्ही.

उत्तर : ताई, पहिल्यांदा ते ओलं फडकं बदला, कोरडं सुती फडकं ठेवा. आणि हवेचा नॉब आतली हवा फिरवण्यावर असेल तर बाहेरच्या हवेवर करा. दोन माणसांचा श्वास, ओले कपडे, पायाखालचा ओला मॅट, कॅन धुतल्याचं पाणी, हा सगळा दमटपणा आतच फिरत राहिला तर काच कधीच कोरडी होणार नाही. दिशा काचेवर, पंखा तीन नंबर, आणि दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली. आतली काच एकदा साबणाच्या पाण्यानं स्वच्छ धुऊन कोरडी करा, काचेवर तेलकट थर असेल तर वाफ जास्त धरते.

गार वाऱ्याचं आता. हीटरची गरमी इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवातून, म्हणजे कुलंटमधून येते, इंजिनकडून दोन रबरी पाइप केबिनच्या पत्र्यातून आत हीटरच्या छोट्या रेडिएटरला जातात. इंजिन चांगलं गरम झाल्यावर बॉनेट उघडून ते दोन्ही पाइप सावकाश चाचपायला दिरांना सांगा, पट्ट्यापासून आणि फॅनपासून ओढणी-कपडे लांब ठेवून. दोन्ही गरम असतील तर पाणी आत जातंय आणि गरम-थंडच्या नॉबची केबल सुटलीय, पडदा उघडत नाही. एक गरम आणि एक गार असेल तर हीटरचा कॉक (पाणी सोडणारी तोटी) बंद आहे किंवा आतला रेडिएटर गाळानं तुंबलाय, साधं पाणी भरून चालवलेल्या गाड्यांत हे फार होतं. आणि पाइप आत जातच नाहीत, एकमेकांना जोडून टाकलेले आहेत असं दिसलं तर कुणीतरी मागं कधीतरी हीटर बायपास केलाय. आपल्याकडं हीटर गळायला लागला की दुरुस्त न करता पाइप जोडून देतात आणि मालकाला सांगत पण नाहीत. बायपास तसाच काढून पाणी आत सोडू नका, आधी हीटर का बंद केला होता ते बघा, गळका असेल तर गरम पाणी सरळ पायावर येतं.

गळका हीटर ओळखायचा असेल तर काचेवरची वाफ पुसताना ती चिकट लागते का बघा, केबिनमध्ये गोडसर वास येतो, डाव्या बाजूचा मॅट कारण नसताना ओला राहतो, आणि कुलंट हळूहळू कमी होतं. यातलं काही असेल तर नवा रेडिएटर बसवा आणि पाण्याऐवजी कुलंट भरा, आणि रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. हीटर दुरुस्त होईपर्यंत उघड्या काचा, कोरडं फडकं आणि बाहेरच्या हवेवर पंखा एवढ्यावर भागवा, पहाटे निघायच्या आधी दहा मिनिटं गाडी चालू करून पंखा काचेवर सोडून ठेवा, आणि समोरचं दिसेनासं झालं तर दूध थोडं उशिरा पोचलं तरी चालेल, गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण खाली घेऊन, पार्किंग लाइट लावून काच कोरडी झाल्यावरच पुढं निघा.